पदवी एका विषयाची, व्यवसाय दुसरा

कृषी शाखेचा पदवीधर बँकेत अधिकारी होतो, वनस्पतिशास्त्र घेतलेली मुलगी पोलीस उपनिरीक्षक होते, यंत्र अभियांत्रिकी शिकलेला तरुण तहसीलदाराच्या खुर्चीवर बसतो. अशी उदाहरणे आता प्रत्येक तालुक्यात आढळतात. तरीही एखाद्या तरुणाने आपल्या विषयाबाहेरचे काम पत्करले, की घरात आणि गावात पहिला उद्गार निघतो तो असा की, याचे शिक्षण वाया गेले. या उद्गारात एक गंमत आहे. काम सरकारी असेल तर तो निघत नाही. कृषी पदवीधर तहसीलदार झाला तर त्याचा गावात सत्कार होतो. त्याच पदवीधराने तालुक्याच्या गावी छापखाना काढला, तर चार वर्षांचा खर्च पाण्यात गेला असे म्हटले जाते. वास्तविक दोघांनीही आपला विषय सारखाच सोडलेला असतो.

शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि गावपातळीवर काम करणारे अधिकारी यांच्याकडे असे तरुण सल्ल्यासाठी येतात, किंवा त्यांचे पालक येतात. त्यांना काय सांगावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक वस्तुस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. ज्याला आपण विद्यार्थ्याचे क्षेत्र म्हणतो, ते पुष्कळदा त्याने निवडलेले नसते. बारावीच्या गुणांवर, जवळ असलेल्या महाविद्यालयावर, वसतिगृहात मिळालेल्या जागेवर आणि शुल्क परवडते की नाही यावर ते ठरते. तालुक्याच्या महाविद्यालयात कला आणि वाणिज्य या दोनच शाखा असतील, तर शास्त्राची आवड असलेल्या मुलीला या दोहोंपैकी एक घ्यावी लागते. कारण तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविण्यास घरचे तयार नसतात. सतराव्या वर्षी अशा रीतीने पदरात पडलेल्या विषयाशी एकविसाव्या वर्षानंतर जन्मभर बांधून घ्यावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. ती फारशी जुनीही नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले व १८६२ मध्ये तेथून पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्या चौघांपैकी महादेव गोविंद रानडे यांनी पुढे न्यायासनावर काम केले, अर्थशास्त्रावर लिहिले आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर ग्रंथही लिहिला. यांपैकी त्यांचा खरा विषय कोणता, असा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नसावा.

विषय मागे राहतो, सवय बरोबर येते

क्षेत्र बदलणाऱ्याबरोबर नव्या कामात नेमके काय येते, हे पाहण्यासाठी आपल्या राज्यातील दोन उदाहरणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. दोन्ही पाण्याशी संबंधित आहेत आणि दोन्हींत काम करणारी व्यक्ती पाण्याचे शास्त्र शिकून आलेली नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहून विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. ते अभियंते होते, पुण्यात त्यांचा कारखाना होता आणि अचूक मोजमापाची साधने हा त्यांच्या उद्योगाचा विषय होता. पुढे त्यांनी नायगाव येथे देवस्थानाची सुमारे ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली. तेथे बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव व विहीर केली आणि अवर्षणप्रवण माळावर पडणारा पाऊस अडवून किती माणसांना पुरवता येतो, याचा प्रत्यक्ष हिशेब मांडला. त्या प्रयोगातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम पाहिले म्हणजे ते करणाऱ्याच्या मनाची घडण लक्षात येते. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न ठरविता घरातील माणसांच्या संख्येवर ठरवावयाचा. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर भिजेल इतके पाणी द्यावयाचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क असावयाचा. उसासारखे भरमसाट पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जावयाचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा २० टक्के भाग लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा.

यात यंत्रशास्त्राचे एकही सूत्र नाही. पण जी गोष्ट वाटावयाची ती आधी मोजली पाहिजे, आणि मोजमापाचे एकक सर्वांना मान्य असले पाहिजे, ही कारखान्यातील शिस्त प्रत्येक नियमात आहे. सिंचनाचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या माणसाने कदाचित किती हेक्टर भिजले यापासून सुरुवात केली असती. साळुंखे यांनी माणसे मोजण्यापासून सुरुवात केली. बाहेरून आलेल्या माणसाला असा वेगळा प्रश्न सुचतो, आणि त्याच्या पूर्वीच्या शिक्षणाने तो प्रश्न शेवटास नेण्याचे बळ त्याला दिलेले असते. विलासराव २००२ मध्ये निवर्तले. परंतु समन्यायी पाणीवाटपाची चर्चा आजही त्यांच्या नियमांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरे उदाहरण हिवरे बाजारचे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हे गाव दुष्काळाने आणि व्यसनाने खचलेले होते. लोक कामासाठी बाहेर जात. १९८९ साली गावाने पोपटराव पवार यांना सरपंच केले. ते वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर आणि क्रिकेटचे चांगले खेळाडू. अशा तरुणाने शहरात नोकरी धरावी, हाच त्या काळचा रूढ मार्ग होता. आदर्श गाव योजनेतून पुढे डोंगरउतारावर चर खोदले गेले, बंधारे झाले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली गेली. हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे व तो इतर गावांतही कमीअधिक प्रमाणात झाला. हिवरे बाजारचे वेगळेपण त्यापुढच्या पायरीत आहे. पावसाळा संपला की वर्षभरात किती पाऊस पडला, विहिरींची पातळी काय आहे, याच्या नोंदी घेऊन गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला जातो व तो ग्रामसभेपुढे ठेवला जातो. माणसांना व जनावरांना प्यावयास लागणारे पाणी आधी बाजूला काढून उरलेल्यावर त्या वर्षीची पिके ठरतात. पाऊस कमी झाला तर भरपूर पाणी लागणारी पिके त्या वर्षी घेतली जात नाहीत. शेतीच्या सिंचनासाठी विंधन विहिरी खोदण्यावर गावाने स्वतःच बंदी घातली आहे.

ताळेबंद हा शब्द वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातील आहे. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, आणि शिल्लक नसताना खर्च मांडता येत नाही, एवढेच त्यातले तत्त्व. वाणिज्य शिकलेल्या सरपंचाच्या गावात ते जमिनीखालच्या पाण्याला लावले गेले, आणि गावकऱ्यांनाही ते कळले, कारण घराचा जमाखर्च प्रत्येकाला ठाऊक असतो. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांची वाणिज्य शाखेची पदवी वाया गेली, असे आज कोणी म्हणणार नाही.

विद्वत्तेच्या क्षेत्रातील एक दाखलाही येथे देण्याजोगा आहे. गोव्यातील कोसबे येथे १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती. हार्वर्ड येथे शिकून आल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले व नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. इतिहासाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. प्राचीन आहत नाण्यांकडे ते वळले तेव्हा त्यांनी तराजू हातात घेतला आणि हजारो नाणी एकेक करून तोलली. नाणे हातोहात फिरते तसे अत्यल्प प्रमाणात झिजते. तेव्हा मोठ्या संख्येने नाणी तोलून सरासरी वजनातील घट पाहिली तर ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो, हा त्यांचा विचार. तो इतिहासाच्या वर्गात सुचण्यासारखा नव्हता. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासाविषयीच्या ग्रंथाने या विषयाच्या मांडणीला नवी दिशा दिली. मात्र त्यासाठी त्यांनी संस्कृतचा इतका अभ्यास केला की, भर्तृहरीच्या काव्याची चिकित्सक आवृत्तीही त्यांच्या हातून सिद्ध झाली. गणिताच्या बळावर त्यांनी नव्या विषयातील कष्ट टाळले नाहीत, हे येथे विशेष सांगावयाचे आहे.

उमेदवारीस पर्याय नाही

ही नावे मोठी आहेत, आणि मोठ्या नावांचे दाखले देताना एक धोका असतो. ऐकणाऱ्याला वाटते की एके दिवशी या माणसांनी जुने काम टाकले व दुसऱ्या दिवशी नव्यात यश मिळविले. डॉ. श्रीराम लागू यांच्याविषयी असे नेहमी बोलले जाते. ते कान, नाक व घसा यांचे शल्यचिकित्सक. पुण्यात आणि टांझानियात त्यांनी व्यवसाय केला आणि १९६९ मध्ये तो सोडून पूर्ण वेळ रंगभूमी पत्करली. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगमंचावर आले. हे सर्व खरे. पण वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून ते नाटकांत काम करीत होते, आणि पुण्यातील हौशी रंगभूमीवर त्यांनी वर्षानुवर्षे तालमी केल्या होत्या. व्यवसाय सोडला तेव्हा त्यांचे वय चाळिशीपलीकडे होते. उमेदवारी आधी पुरी झाली होती. राजीनामा मागाहून आला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची गोष्ट याहून निराळी आहे. ते चित्रकला शिकावयास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग त्यांना नीट ओळखू येत नसल्याचे ध्यानात आले आणि चित्रकार होण्याचा मार्ग खुंटला. रेखांकनास रंग लागत नाहीत. ते यंत्रांची रेखाटने शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत तो विषय शिकवू लागले, तेथून बेळगावी सायकलींच्या दुकानात आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. नांगर तयार झाला तरी लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात, आणि पहिले नांगर खपावयास फार वेळ लागला. क्षेत्र बदलणाऱ्याच्या वाट्याला ही कोरडी वर्षे येतातच. घरच्यांनी आणि गावाने त्या काळात त्याला काय म्हणून वागविले, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

स्पर्धा परीक्षांची वाट

आपल्याकडे विषय सोडून जाण्याची सर्वांत रुळलेली वाट स्पर्धा परीक्षांची आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. राज्यसेवा परीक्षेस सर्वसाधारणपणे कोणत्याही शाखेची पदवी चालते. हे तत्त्व उत्तम आहे. त्यामुळे शेतकऱ्याचा, शिक्षकाचा, मजुराचा मुलगा किंवा मुलगी कोणत्याही महाविद्यालयातून येऊन प्रशासनात जाऊ शकते, आणि पशुवैद्य वा स्थापत्य अभियंता झालेल्या अधिकाऱ्याचे ज्ञान जिल्ह्याच्या कामी येते. दोष परीक्षेत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नव्या पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या तरुणांपैकी अनेकांनी ही वाट निवडलेली नसते. दुसरे काही सुचले नाही म्हणून ते तेथे आलेले असतात, हा दोष आहे.

जागा थोड्या व उमेदवार अपार असल्यामुळे बहुसंख्य उमेदवार निवडले जाणार नाहीत, हे गणित कोणालाही कळण्यासारखे आहे. राज्याच्या सेवांसाठी वयोमर्यादा खुल्या प्रवर्गास ३८ आणि मागासवर्गीयांस ४३ वर्षे अशी २०१६ मध्ये वाढविण्यात आली. ग्रामीण तरुणांना उशिरा संधी मिळते, म्हणून ही वाढ योग्यच होती. परंतु जी मर्यादा संधी म्हणून दिली ती काहींच्या बाबतीत मुक्काम बनली. खोलीभाडे, खानावळ, अभ्यासिका व पुस्तके मिळून महिन्यास दहा हजार रुपये धरले, तर पाच वर्षांत सहा लाख रुपये होतात. आणि त्या पाच वर्षांत न मिळालेले उत्पन्न निराळेच. अल्पभूधारक कुटुंबात ही रक्कम कधी जमिनीच्या तुकड्यातून, कधी बहिणीच्या शिक्षणातून निघते. मुलींचा हिशेब आणखी कठीण असतो. मुलाला घर सहा वर्षे देते, मुलीला दोन. तिसऱ्या वर्षी स्थळे पाहण्यास सुरुवात होते. मुलीची तयारी अधिक चांगली असते तेव्हाही हेच घडते, ही शिक्षकांच्या नित्य पाहण्यातील गोष्ट आहे.

म्हणून प्रयत्न किती वर्षे करावयाचे, हे पहिल्या दिवशीच घरच्यांसमक्ष ठरवावे, आणि त्याच काळात दुसऱ्या एखाद्या कामाची उमेदवारी थोड्या वेळापुरती का होईना चालू ठेवावी, असा सल्ला शिक्षकांनी आग्रहाने द्यावा. परीक्षेसाठी केलेला राज्यघटनेचा, अर्थव्यवस्थेचा व स्थानिक स्वराज्याचा अभ्यासही एक प्रकारचे शिक्षणच आहे. तो ग्रामपंचायतीच्या, सहकारी संस्थेच्या, स्थानिक वृत्तपत्राच्या किंवा वकिलीच्या कामात उपयोगी पडतो. निवड न झालेल्या उमेदवाराला हे कोणी सांगत नाही, आणि तो स्वतःला नुसता अनुत्तीर्ण समजून गावी परततो.

कोणती दारे उघडी आहेत

सल्ला देणाऱ्याला दारांची माहिती हवी. काही क्षेत्रे कायद्यानेच मूळ पदवीशी बांधलेली आहेत. वैद्यक, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र यांत बाहेरून प्रवेश नाही. माध्यमिक शाळेत शिक्षक होण्यासाठी अध्यापन पदवी लागते आणि कोणता विषय शिकवावयाचा ते बहुधा मूळ पदवीवरून ठरते. याउलट कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता व व्यवस्थापन हे अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधरास, प्रवेशाच्या अटी पुऱ्या केल्यास, खुले असतात. शास्त्र शाखेचा पदवीधर कला शाखेच्या अनेक विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेऊ शकतो. उलट दिशेने मात्र ही वाट जवळजवळ बंद आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यासाठी नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. दोन पदव्यांचे शिक्षण एकाच वेळी घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मुभा दिली आहे.

यांपेक्षाही कमी माहीत असलेली सोय शिकाऊ उमेदवारीची आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा म्हणजे कारखान्यातील फिटर आणि टर्नर यांच्यासाठीच, अशी अजूनही पुष्कळांची समजूत आहे. २०१४ च्या दुरुस्तीने तंत्रशिक्षण न घेतलेल्या पदवीधरांनाही तो लागू झाला. म्हणजे मराठी किंवा भूगोल घेऊन पदवीधर झालेली मुलगी विद्यावेतन घेऊन एखाद्या आस्थापनेत हिशेबाचे, विक्रीचे वा कार्यालयीन व्यवस्थेचे काम शिकू शकते. राज्यात २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आरंभी पदवीधरास सहा महिन्यांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले होते. अशा प्रशिक्षणातून नोकरीची हमी मिळत नाही, व तशी ती मिळेल असे कोणी उमेदवारास सांगूही नये. नवे काम आपल्या अंगी बसते की नाही, हे थोड्या खर्चात व थोड्या काळात पाहता येते, हा त्याचा खरा उपयोग.

गावात करता येण्यासारखे

गेल्या काही वर्षांत अनेक ग्रामपंचायतींनी अभ्यासिका उभारल्या. ही फार चांगली गोष्ट झाली. पण आत जाऊन कपाट पाहिले तर स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांवाचून काही आढळत नाही. भिंतीवर निवड झालेल्यांची छायाचित्रे असतात. गावातीलच जो मुलगा रसायनशास्त्र शिकून दूध संकलन केंद्र नीट चालवितो, किंवा जी सून इतिहासाची पदवी घेऊन बचत गटांचे हिशेब सांभाळते, त्यांचे छायाचित्र तेथे लावावयास कोणाचीच हरकत नसावी. त्यांना महिन्यातून एकदा अभ्यासिकेत बोलावून कामाची सुरुवात कशी झाली, पहिल्या वर्षी किती तोटा आला, कोणाकडून शिकले, हे विचारावे. बाहेरून वक्ता आणण्याच्या खर्चापेक्षा हे स्वस्त पडते.

महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोलताना, पुढे काय होणार, असे विचारण्याऐवजी या तीन वर्षांत कोणते काम कोणी न सांगता केलेस, असे विचारून पाहावे. स्नेहसंमेलनाचा जमाखर्च कोणी ठेवला, सहलीची व्यवस्था कोणी पाहिली, प्रयोगशाळेतील बिघडलेले उपकरण कोणी दुरुस्त केले, याची उत्तरे गुणपत्रिकेत नसतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तर ती प्रत्यक्ष दिसतात, आणि कार्यक्रम अधिकाऱ्याने त्यांची दोन ओळींची नोंद ठेवली तरी पुरे.

जिल्ह्याच्या ठिकाणचे पूर्वीचे सेवायोजन कार्यालय आता कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र म्हणून ओळखले जाते. तेथे नाव नोंदविताना बहुतेक पदवीधर केवळ पदवी, वर्ग व उत्तीर्ण झाल्याचे साल लिहून मोकळे होतात, आणि त्यांना बोलावणीही त्या पदवीपुरतीच येतात. संगणकाचे शिक्षण, दुकानावर किंवा संस्थेत केलेले काम, येत असलेल्या भाषा, वाहन चालविण्याचा परवाना हे सर्व नोंदवावे लागते, आणि नवे काही शिकल्यावर नोंद अद्ययावत करावी लागते. ज्यांना ही नोंदणी स्वतः करता येत नाही त्यांना ती गावातील सेवा केंद्रात करून देण्यास ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी साहाय्य करावे. निकालानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यासाठी आठवड्यातील एक दुपार राखून ठेवली, तर लहान गावाचे काम तेवढ्यात होते.